न्हाणीतल्या टाइल्स दोन वर्षांत सुटल्या : दोष कुणाचा, आणि आता नव्याने कसं बसवायचं

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून 6 बाय 5 फुटांची न्हाणी बांधली आणि टाइल्स लावल्या. दोन वर्षांत जमिनीच्या चार-पाच टाइल्स उचलल्या, बाकीच्या वाजवल्या तर पोकळ वाजतात. भिंतीवर खालच्या दोन फुटांत जोडांमधून पांढरी भुकटी येते. मिस्त्री म्हणतो माल हलका होता, दुकानदार म्हणतो मिस्त्रीने काम बिघडवलं. आता न्हाणी नव्याने करायची आहे आणि स्वयंपाकघराचंही काम त्यातच उरकायचं आहे. टाइल कोणती घ्यावी आणि मिस्त्रीकडून काय करून घ्यावं?

टाइल स्वतःहून क्वचितच खराब होते. ती भाजलेली माती आहे, तिला दोन वर्षांत काही होत नाही. बिघडतं ते तिच्या खाली आणि मागे. तुमच्या भागात याची दोन मोठी कारणं आहेत, काळी माती आणि खारं पाणी. म्हणून आधी घरचं दुखणं ओळखा, दुकानात नंतर जा.

एक रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर वाजवा. मध्ये घट्ट पण कोपऱ्यांत पोकळ वाजत असेल, तर टाइलमागे सिमेंटचे लाडू ठेवून ती चिकटवली आहे. मध्ये लाडू, आणि कडेची जागा रिकामी. या रिकाम्या जागेत पाणी शिरतं, साचतं आणि तिथूनच खाली उतरतं. आख्खी ओळ मध्ये उचलून तंबूसारखी झाली असेल, तर टाइल्स एकमेकींना चिकटवून बिनजोड बसवल्या आहेत. खालचा सिमेंट-रेतीचा माल वाळताना महिनोन्‌महिने आकसत राहतो, टाइल आकसत नाही. वरून टिनाचं छप्पर आणि मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. मग कुठेतरी दुपारी फटकन आवाज येतो आणि ओळ उभी राहते. टाइल्समधून तिरपी भेग गेली असेल आणि तीच भेग भिंतीतही दिसत असेल, तर जमीन हलली आहे. पांढरी भुकटी म्हणजे मीठ. तुमच्या वर्णनावरून यातली किमान तीन दुखणी एकत्र दिसतात.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. पाया खणताना निघालेली हीच माती न्हाणीच्या जोत्यात भरली असेल, आणि गावात बहुतेक ठिकाणी तेच होतं, तर वर कितीही भारी टाइल लावा, ती उचलणारच. त्यामुळे जुनी फरशी काढल्यावर एक-दीड फूट खणून बघा. खाली काळी माती निघाली तर तेवढी काढून टाका आणि मुरूम भरा. मुरूम एकदम ओतायचा नाही. 6 इंचांचा थर, पाणी, धुम्मसने ठोकून घट्ट करणं, मग पुढचा थर. त्यावर 1:3:6 चं (सिमेंट, रेती, गिट्टी) 4 इंच काँक्रीट टाका. 30 चौरस फुटांना सव्वा ते दीड पोतं सिमेंट, 5 घनफूट रेती आणि 9-10 घनफूट गिट्टी लागते. खर्च टाइलच्या मानाने थोडा आहे, पण नंतर दिसत नसल्यामुळे सगळ्यात आधी इथेच काटकसर होते.

न्हाणी नंतर जोडलेली असेल तर तिचा पाया आणि घराचा पाया वेगवेगळे बसतात. दोघांच्या सांध्यावर भेग पडणार हे धरूनच चला. त्या सांध्यावरून टाइल आरपार नेऊ नका. तिथे 5-6 मिलिमीटरची फट सोडा आणि ती सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरा.

आता पांढऱ्या भुकटीचं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या बऱ्याच भागात, जमिनीत आणि बोअरच्या पाण्यात मीठ आहे. ते दोन वाटांनी भिंतीत येतं. एक, माल कालवताना खारं पाणी वापरलं तर. दोन, जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतली ओल विटांमधून वर चढते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि प्लास्टरला आतून ढकलतात. अशा प्लास्टरवर नवी टाइल लावणं म्हणजे पोपड्यावर रंग मारणं.

त्यावर उपाय असा. ओलीची रेघ जिथे संपते त्याच्या वर 1 फूट जाईपर्यंत जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढा. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा. मीठ कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर फेका. धुऊ नका, धुतलं की ते विरघळून परत आत जातं. भिंत जमेल तेवढे दिवस उघडी वाळू द्या. मग 1:4 चं नवं प्लास्टर करा आणि त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रव्य त्याच्या डब्यावर लिहिलेल्या मापाने घाला, साधारण सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 200 मिली. घराच्या बाहेरून भिंतीशी पावसाचं किंवा सांडपाणी साचत असेल तर तिथे बाहेर उतार देणारा काँक्रीटचा पट्टा हवाच. नाहीतर आतली सगळी मेहनत पाण्यात.

पाण्याबाबत भारतीय मानक 456 मध्ये साध्या काँक्रीटच्या पाण्यासाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 2000 मिलिग्रॅम, सळीच्या काँक्रीटसाठी 500 मिलिग्रॅम आणि एकूण अजैविक क्षारांची 3000 मिलिग्रॅम दिली आहे. गावात क्लोराइड कोण मोजणार? पण पाण्यातले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर आरओ प्लांटवाल्याकडे असतोच. बोअरच्या पाण्याचा आकडा 3000 च्या वर गेला तर ते पाणी मालात घालू नका. नळयोजनेचं पाणी 200 लिटरच्या तीन ड्रममध्ये भरून ठेवा. कालवणं, टाइल भिजवणं आणि प्लास्टरवर पाणी मारणं, सगळं त्यात भागतं. रेतीही तपासा. बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. 10 सेंटिमीटर रेतीवर 8 मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ बसला तर रेती धुऊनच वापरा.

टाइल घ्यायची वेळ आता आली.

भिंतीची सिरॅमिक टाइल आणि व्हिट्रिफाइड टाइल या दोन वेगळ्या जाती आहेत. फरक पाणी पिण्याचा आहे. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पीत नाही. पिणारी टाइल सिमेंटला धरते. न पिणारी धरत नाही, तिला ॲडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायची पोत्यात मिळणारी भुकटी, लागतंच. दुकानातच टाइल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच मुरला तर सिरॅमिक, तसाच बसून राहिला तर व्हिट्रिफाइड. हे ठाऊक नसल्यामुळे फार मोठं नुकसान होतं. 2 बाय 4 फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल न्हाणीच्या भिंतीवर साध्या सिमेंटने लावली जाते. एक टाइल 14-15 किलोची असते. ती डोक्यावर पडली तर विचार करा.

तुमच्या न्हाणीच्या भिंतीला 12 बाय 18 इंचांची साधी सिरॅमिक टाइल पुरे आहे. ती आडवी लावा. एका ओळीची उंची 12 इंच होते आणि 7 ओळींत जवळपास 7 फूट पूर्ण होतात, वर कापावी लागत नाही. उभी लावली तर पाचवी ओळ कापावी लागते आणि तुकडे वाया जातात.

हिशेब असा. चार भिंतींचा घेर 22 फूट, गुणिले 7 म्हणजे 154 चौरस फूट. दार आणि छोटी खिडकी वजा केली की 133 उरतात. कापणं आणि फूट यांसाठी 10 टक्के धरा, म्हणजे 146. या मापाच्या पेटीत बहुधा 6 टाइल्स असतात आणि त्या पावणेनऊ चौरस फूट भरतात. म्हणजे 17 पेट्या. गावापर्यंतचा रस्ता कच्चा असेल तर एक पेटी जास्त घ्या आणि पेट्या गाडीत उभ्या ठेवायला सांगा. आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. उरलेली पेटी जपून ठेवा. पाच वर्षांनी नळ दुरुस्तीसाठी दोन टाइल्स फोडाव्या लागल्या तर ते डिझाइन बाजारात मिळणार नाही.

सगळ्या पेट्यांवरचा बॅच किंवा शेड नंबर एकच आहे का ते उतरवून घेतानाच बघा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधल्या फटीतून उजेड दिसला किंवा एका टोकावर डुगडुगल्या तर माल वाकडा आहे. स्वस्तात मिळणारा दुय्यम प्रतीचा माल बहुधा याच कारणाने स्वस्त असतो. त्याची झिलई चांगली असते, माप चांगलं नसतं. गुजरातमधल्या मोरबीचा माल म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही, देशातल्या टाइल्सचा मोठा हिस्सा तिथेच बनतो. पेटीवर प्रत काय लिहिली आहे तेवढं वाचा.

रंगाबद्दल एकच सल्ला. बोअरचं पाणी जड असेल तर काळी, गडद निळी किंवा चॉकलेटी चकचकीत टाइल घेऊ नका. पाणी वाळलं की चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात आणि रोज पुसूनही जात नाहीत. फिकट राखाडी किंवा मातकट रंगात तेच डाग लपतात.

न्हाणीच्या जमिनीला मात्र 1 बाय 1 फुटाची, खरबरीत, न घसरणारी टाइल घ्या. 33 चौरस फूट पुरे होतील. 2 बाय 2 ची मोठी टाइल इथे आग्रहाने लावतात, कारण जोड कमी येतात. पण न्हाणीच्या जमिनीला चारही बाजूंनी जाळीकडे ढाळ हवा असतो आणि मोठी टाइल वाकत नाही. मग ती तिरपी कापावी लागते. नाही कापली तर कोपऱ्यात पाणी थांबतं आणि तिथे शेवाळ धरतं. घरात म्हातारं माणूस असेल तर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

ढाळ 5 फुटांना 1 इंच ठेवा. जाळी एका कोपऱ्यात असेल तर समोरच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत सुमारे दीड इंच उतार येतो. हा उतार टाइलखालच्या मालात नाही, आधीच काँक्रीटमध्ये काढून घ्या, म्हणजे माल सगळीकडे सारख्या जाडीचा राहतो. न्हाणीची जमीन दाराशी बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान अर्धा इंच खाली ठेवा. जाळीखाली न्हाणी-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं भांडं, बसवला आहे ना, ते टाइल लावण्याआधी बघा. गावाकडे पुष्कळदा थेट पाइप सोडलेला असतो, मग नालीचा वास आणि झुरळं दोन्ही आत येतात. ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं.

आता कामाचा क्रम. काँक्रीट आणि प्लास्टर झाल्यावर 7 दिवस पाणी मारा. प्लास्टर घोटून गुळगुळीत करू देऊ नका, ओलं असतानाच त्यावर खिळ्याने तिरप्या रेघा ओढून घ्या. एवढ्या भिंतींना दीड-दोन पोती सिमेंट आणि 7-8 घनफूट रेती जाते. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे सिमेंटची गोलाई द्या. मग जमिनीवर आणि भिंतीवर 1 फुटापर्यंत, जिथे अंगावर पाणी घेतो त्या भिंतीवर 6 फुटांपर्यंत, पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. वाळलं की जाळीला बोळा लावून 24 तास पाणी भरून ठेवा आणि ते उतरतं का ते बघा. मिस्त्रीचा ठिय्या दुसरीकडे लागलेला असतो, तो या एका दिवसासाठी कुरकुर करेल. करू द्या.

सिमेंटने लावायची असेल तर सिरॅमिक टाइल्स पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, कमीत कमी तासभर. मग उभ्या करून निथळवा. वर पाण्याची चमक असताना लावली तर घसरते आणि धरतही नाही. कोरडी लावली तर मालातलं पाणी पिऊन टाकते, सिमेंट जळतं आणि वर्षभरात टाइल पोकळ वाजू लागते. तुमच्या जमिनीच्या टाइल्सचं तसंच झालं असण्याची दाट शक्यता आहे. माल टाइलच्या पाठीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरून लावा. दर दहा टाइल्समागे एक, लावल्या-लावल्या काढून उलटी करून बघा. पाठ सगळी माखलेली दिसली पाहिजे. मिस्त्रीला राग येतो, पण अकरावी टाइल तो नीट लावतो.

ॲडेसिव्हने लावत असाल तर सिरॅमिक टाइल भिजवू नका. भिंतीच्या सिरॅमिकला टाइप 1 चालतं. व्हिट्रिफाइडला टाइप 2 किंवा त्याच्या वरचं घ्या, पोत्यावर भारतीय मानक 15477 सोबत टाइप लिहिलेला असतो. 3 मिलिमीटर जाडीने 20 किलोच्या पोत्यात साधारण 50 चौरस फूट होतात, म्हणजे तुमच्या भिंतींना 3 पोती. आधी घमेल्यात पाणी, मग भुकटी. मिसळून 5-10 मिनिटं तसंच ठेवून पुन्हा ढवळा. दातेरी थापीने पसरा आणि बोट लावून बघा. बोटाला चिकटत नसेल तर वर साय आली आहे, ते खरवडून टाका. घट्ट झालं म्हणून वरून पाणी घालून ढिलं करू नका. उन्हाळ्यात एका वेळी 5-6 चौरस फुटांपेक्षा जास्त पसरू नका. खरं तर हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावं. लग्नाची तारीख ठरली म्हणून एप्रिल-मेमध्येच करणं भाग असेल तर सकाळी 10 पर्यंत उरका, आणि टिनावर तुराट्या-पराट्या टाकून सावली करा.

भिंतीची पहिली ओळ जमिनीपासून सुरू करू नका. जमिनीला ढाळ आहे, ती ओळ वाकडी येईल. लेव्हलच्या नळीने चारही भिंतींवर रेघ मारा, त्या रेघेवर लाकडी पट्टी ठोका आणि दुसऱ्या ओळीपासून वर जा. खालची ओळ शेवटी, जमीन झाल्यावर, मापाने कापून बसवा. भिंतीत 2 मिलिमीटरचे आणि जमिनीत 3 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे जोडाची फट सारखी ठेवणारे तुकडे, घाला. जोड दिसू नये असा आग्रह बहुधा घरमालकाचाच असतो, आणि पुढे उचललेली ओळ त्याच आग्रहाची असते. जमीन भिंतीला चिकटवू नका, 5 मिलिमीटर सोडा. वरची टाइल ती फट झाकते.

जमिनीचा माल 1:5 चा, मुठीत दाबला तर लाडू होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओला हवा. दीड इंच जाडीला पाऊण पोतं सिमेंट आणि साडेचार घनफूट रेती, वरच्या घोळासाठी आणखी थोडं सिमेंट. जोड भरण्याआधी बादलीभर पाणी कोपऱ्यात ओता आणि कंचा सोडून बघा. कुठे थांबला तर ती टाइल अजून निघते. जोड भरल्यावर निघणार नाही. ग्रुट, म्हणजे जोड भरायचा तयार मसाला, 24 तासांनी भरा, 2 किलो भिंतीला आणि 1 किलो जमिनीला भरपूर होतं. पांढरं सिमेंट भरू नका, ते भुरभुरतं आणि चिरतं.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला चकचकीत साधी सिरॅमिक टाइल घ्या. खडबडीत, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स दुकानात छान दिसतात. पण फोडणीचं तेल आणि चुलीची काजळी त्यांच्या खाचांत बसते ती निघत नाही. ओट्यापासून 2 फूट उंच पुरे होतं, चूल किंवा शेगडीमागे मात्र छतापर्यंत जा. इथल्या जोडांत एपॉक्सी ग्रुट भरा, साधं ग्रुट हळदीने आठवड्यात पिवळं पडतं. एपॉक्सीचे घटक डब्यात असतील त्याच मापाने पूर्ण मिसळा. उन्हाळ्यात अर्ध्या तासात ते दगड होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि टाइलवर सांडलेलं ओल्या स्पंजने लगेच पुसा. ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिलिकॉन. ओटा कडप्प्याचा असेल तर लिंबू, चिंच आणि ताक सांडल्यावर लगेच पुसा, कारण कडप्पा चुनखडीचा असतो आणि आंबटाने त्यावर कायमचे डाग पडतात. ग्रॅनाइटला तसं होत नाही. जमिनीला 2 बाय 2 ची मॅट व्हिट्रिफाइड चालेल. जिथे खलबत्ता किंवा पाटा वापरता तिथे मात्र टाइल न लावता फाडीच्या दगडाचा एक जाड तुकडा बसवा.

नवं काम करायला पैसे कमी पडत असतील आणि स्वयंपाकघरात दोन-तीनच टाइल्स पोकळ असतील, तर तेवढ्याच बदला. आधी चारही बाजूंचा जोड हॅकसॉच्या पात्याने पूर्ण मोकळा करा, नाहीतर शेजारची टाइल फुटते. मध्ये ड्रिलने भोक पाडा आणि तिथून कडेकडे छिन्नीने फोडत या. खालचा माल 6 मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झटका, ॲडेसिव्ह भरून नवी टाइल बसवा. तिच्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोका आणि दोरी लावून शेजारच्या पातळीला आहे का ते तपासा. जुन्या टाइलवरच नवी लावण्याचा मार्गही आहे, पण जुन्या टाइल्सपैकी दहात नऊ घट्ट वाजत असतील तरच, आणि पोत्यावर टाइलवर टाइल लावण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेल्या ॲडेसिव्हनेच. तुमच्या न्हाणीत तो मार्ग बंद आहे.

काम झाल्यावर न्हाणीत तीन दिवस पाणी घेऊ नका. आणि बाजारात सुटं मिळणारं ॲसिड पहिल्या दिवसापासून घरात आणू नका. पांढरे डाग त्याने जातात हे खरं, पण सोबत जोडांतलं सिमेंटही जातं आणि त्याच वाटेने पाणी पुन्हा खाली उतरतं. डाग पडले तर लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घाला. आधी जोड साध्या पाण्याने ओले करा, मग लावा, पाच मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुऊन टाका.